भविष्यातली नोंद

संघपालचं लग्न झालं ते २०२४ साल. फेब्रुवारीत नागपूरच्या इंदोऱ्यातल्या विहारात लग्न लागलं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवी सून मेघा नरखेडकडच्या माहेराहून दोन पेट्या, एक शिलाई मशीन आणि एक कॉम्प्युटर घेऊन आली. पेट्या आणि मशीन आतल्या खोलीत गेलं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत सासऱ्यांच्या दिवाणाशेजारी बसला. त्या दिवसापासून रंगारींच्या घरात एक माणूस वाढल्यासारखं झालं.

सासरे धोंडबा रंगारी एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी नागपूर-नरखेड पहिली गाडी चालवली आणि एकही दिवस ती उशिरा सोडली नाही. नवीन माणूस घरात आला की त्याची पाळी कधी, त्याला लागतं काय, हे ते आधी विचारून घेत. कॉम्प्युटरचंही त्यांनी विचारून घेतलं.

मेघा नरखेड तालुक्यातल्या संत्रा बागाईतदारांच्या कंपनीत कामाला होती. संत्र्याच्या प्रत्येक क्रेटची नोंद ठेवायची: कोणाच्या बागेतला, कधी तोडला, किती किलो. ही नोंद सात कॉम्प्युटरांत एकाच वेळी राहायची. पाच कॉम्प्युटर गावांत शेतकऱ्यांच्या घरी, सहावा कळमेश्वरच्या गोदामात आणि सातवा हा. एकानं नोंद टाकली की बाकीचे सहा ती तपासत आणि पटली तरच लिहून घेत. या पद्धतीला ब्लॉकचेन म्हणतात आणि अशा एकेका कॉम्प्युटरला नोड, हे मेघानं सांगितलं.

"म्हणजे सात घरी एकच वही," धोंडबा म्हणाले.

"बरोबर, बाबा."

"अन एकानं खोटं लिहिलं तर?"

"बाकीचे सहा नाही म्हणतात."

"हे आमच्या डेपोत पाह्यजे होतं गा," धोंडबा संघपालकडे वळून म्हणाले. "अर्धे कंट्रोलर घरी बसले असते."

नोड दिवसरात्र चालू राहायला हवा होता. कंपनीतल्या लोकांना शहरातल्या घराचा भरवसा वाटत नव्हता. कोणी इस्त्रीसाठी प्लग काढेल, कोणी बटण बंद करेल. मेघानं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, "माझे सासरे सांभाळतील." हे धोंडबांना कळलं त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरच्या बटणावर पुठ्ठा लावला. त्यावर लिहिलं, 'हात लावू नये. हुकुमावरून.' एप्रिल लागला, घरोघरी कूलर बाहेर निघाले. रंगारींच्या इन्व्हर्टरवर दोन कूलर आणि नोड तिन्ही चालत नसत. धोंडबांनी आपल्या खोलीतला कूलर बंद ठेवला आणि हातपंखा घेतला. नागपुरात एप्रिल महिन्यात माणूस आपल्या मनानं कूलर सोडतो याला काय म्हणतात, ते नागपूरकरांना सांगायला नको.

"लेकरू आजारी असलं तरी यानं एवढं नाही केलं," मीराबाई म्हणाल्या.

मीराबाई म्हणजे धोंडबांची बायको. त्या वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी विहारातल्या बायकांच्या वर्गात लिहावाचायला शिकल्या. तेव्हापासून समोर येईल ते मोठ्यानं वाचत. मिठाच्या पुडीवरचं, दुकानाच्या पाटीवरचं, गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की पंख्याच्या आवाजासारखं ते कानांवरून जात असे.

घरातली दुसरी सवय घड्याळांची. रंगारींच्या घरी चार घड्याळं आणि चारही दहा मिनिटं पुढे. धोंडबांनी नोकरी लागल्या दिवशी ती पुढे केली ती केली. घरातलं प्रत्येक जण घड्याळ पाही आणि मनात दहा वजा करी. मेघाला हे मीराबाईंनी दुसऱ्याच दिवशी शिकवलं. फक्त धोंडबा वजाबाकी करत नसत. "घड्याळ पाहून हिशेबच करायचा असंन, तर घड्याळ काहून घ्यायचं?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते आयुष्यभर सगळीकडे दहा मिनिटं आधी पोचले.

एप्रिलच्या आठ तारखेला, सोमवारी सकाळी अकरा वाजता, पुण्याच्या निर्यात कंपनीची माणसं नोड पाहायला येणार होती. त्यांना पटलं तर नरखेडची संत्री तीन वर्षं परदेशी जाणार होती. नाही पटलं तर हे सात कॉम्प्युटर गुंडाळून ठेवायचे होते आणि त्यांच्यासोबत मेघाची नोकरीही. ती अजून सहा महिन्यांच्या बोलीवरच होती.

आणि शनिवारी सकाळी मेघानं दिवसाची पहिली नोंद टाकली, तर पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'नोंद नाकारली. ही नोंद भविष्यातली आहे.'

मेघानं पुन्हा टाकली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टाकली. तोवर मीराबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "नों-द ना-का-र-ली. ही नोंद भ-वि-ष्या..."

"आई, थांबा ना जरा."

संघपाल कॉलेजात क्लार्क होता. शनिवार त्याच्या सुट्टीचा. त्यानं ओठांवरचा चहा पुसला आणि खुर्ची ओढली. "कायले घाबरून राहिली? हे मराठी भाषांतर मशीननं केलेलं असते. त्याचा काही अर्थ नसते. बंद करून चालू केलं की होते."

"मशीननं नाही केलेलं. आमच्या कंपनीतल्या गणपतराव गुरुजींनी केलंय."

"मग तर झालंच."

"बंद करून चालू करनं म्हणजे दुरुस्ती होय का गा?" धोंडबा दिवाणावरून म्हणाले. "माही गाडी घाटात बंद पडली तर मी उतरून, पुन्हा चढून पाहत होतो का?"

संघपालनं तरीही पुठ्ठा उचलला, बटण बंद केलं, चालू केलं. मोडेम बंद केला, चालू केला. मग मेन स्विच बंद केला, चालू केला. त्यात फ्रिज, टीव्ही आणि मीराबाईंचा मिक्सर तिन्ही बंद झाले. मिक्सर मधेच थांबल्यामुळे चटणी जाडीभरडी राहिली. लाल अक्षरं होती तशीच.

मेघानं पुण्याच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एका गोड आवाजानं सांगितलं की मदत सोमवार ते शुक्रवार मिळेल.

"बाबा," मेघानं शेवटी विचारलं, "तुम्ही तर काही बिघडवलं नाही ना?"

"मी?" धोंडबा उठून बसले. "एकतीस वर्षांत मी काही बिघडवलं नाही, बाई. बिघडलेलं दुरुस्त मात्र केलं."

तेव्हा मीराबाईंनी आपल्या बहिणीच्या मुलाला, विक्कीला, बोलावलं. विक्कीचं चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. इंदोऱ्यात अर्ध्या लोकांच्या फोनच्या काचा त्यानं बदललेल्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचताना तो ओळीवर बोट ठेवून चाले. "भ-विष्-या-त-ली," त्यानं वाचलं आणि मान हलवली. "सिंपल आहे ना, मावशी. नोंद भविष्यात होईन म्हणते. लाइनमध्ये लागली असंन. टाइम लागते. वेट करू."

"किती?"

"दोन घंटे पकडा."

मग सगळ्यांनी दोन तास भविष्याची वाट पाहिली. मीराबाईंनी पोहे केले, विक्कीनं दोनदा खाल्ले. साडेबारा वाजता मेघानं नोंद टाकली. 'नोंद नाकारली. ही नोंद भविष्यातली आहे.'

"अजूनही भविष्यातलीच आहे बे," संघपाल म्हणाला.

"मग व्होल्टेज असंन," विक्की म्हणाला. घरात शेवटचा चालू असलेला, मीराबाईंच्या खोलीतला कूलर बंद झाला. ट्यूबलाइट बंद झाली. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं आणि आत पाच माणसं एका कॉम्प्युटरभोवती घाम पुसत उभी होती. नोड तेवढा गारव्यात असल्यासारखा चालू होता आणि नोंद नाकारत होता.

विक्कीनं मग मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यात नोड बिघडण्याची सात कारणं सांगितली होती. इंटरनेट, वायर, जागा कमी पडणं, प्रोग्राम जुना होणं, अशी पाच त्यानं बोटांवर मोजली आणि पुढचा व्हिडिओ न पाहताच म्हणाला, "समजलं. सगळं उडवून पुन्हा टाकायचं."

"उडवायचं?" मेघाचा आवाज चढला. "अन माझं वॉलेट?"

वॉलेट म्हणजे त्या कॉम्प्युटरातली मेघाची सही ठेवायची जागा. तिनं टाकलेली प्रत्येक नोंद त्यात जमा दिसे. "बारा शब्द आहेत ना तुमच्याकडे?" विक्की म्हणाला. "ते टाकले की वॉलेट वापस येते."

बारा शब्द होते. मेघानं ते कागदावर लिहून लग्नाच्या अल्बममध्ये ठेवले होते. विक्कीनं सगळं उडवलं, पुन्हा टाकलं, बारा शब्द भरले. वॉलेट उघडलं आणि आतला आकडा दिसला: शून्य.

मेघा खुर्चीत बसली. "चार हजार नोंदी होत्या, विक्की भाऊजी."

"वॉलेट रिकामं झालं?" संघपाल ओरडला. "पूर्ण?"

कूलर बंद असल्यामुळे खिडक्या उघड्या होत्या. शेजारच्या इंदुताईंनी एवढंच ऐकलं आणि पाच मिनिटांत गल्लीत झालं की रंगारींच्या सुनेचं पाकीट मारलं. इंदुताई पाण्याचा तांब्या घेऊनच आल्या. त्यांच्या मागून त्यांचे यजमान भैयाजी आले. गल्लीत कोणाचंही काही झालं की सल्ला द्यायला भैयाजी.

"बसमध्ये मारलं का बाजारात?" इंदुताईंनी मेघाच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको वं. कागदपत्रं तर नव्हते ना त्यात?"

"इंदुताई, ते पाकीट नव्हे," मीराबाई म्हणाल्या. "ते कॉम्प्युटरातलं पाकीट आहे."

"कॉम्प्युटरातून मारलं?" भैयाजींनी कपाळाला हात लावला. "मंग ठाण्यातच जा लागते. घरात शिरला होता का कोणी?"

विक्कीनं सगळ्यांना शांत केलं. वही पहिल्या पानापासून पुन्हा उतरून घेणं चालू आहे, ती पूर्ण झाली की आकडा आपोआप येईल, उद्यापर्यंत थांबा, असं तो म्हणाला. हे त्याचं त्या दिवसातलं एकमेव खरं बोलणं होतं. भैयाजींना मात्र रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. त्यांनी चष्मा लावून पडदा पाहिला, लाल अक्षरं वाचली आणि धोंडबांना बाजूला घेतलं.

"धोंडबाजी, हे भविष्याचं लफडं दिसून राहिलं. महाल भागात आपल्या ओळखीचे एक ज्योतिषी आहेत. टाइम तेवढा सांगा, पाहून देतीन."

धोंडबांनी हातपंखा खाली ठेवला. "भैयाजी, माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी हे सारं सोडून दिलं. मी तवा चार वर्षाचा होतो, त्याच्या खांद्यावर. या घरात भविष्य पाहत नाही."

"मी आपलं सांगितलं."

"चहा घेऊन जा."

रविवारी सकाळी वही उतरून झाली. वॉलेटात चार हजार नोंदी परत आल्या. मीराबाईंनी इंदुताईंना भिंतीवरूनच सांगितलं, "सापडलं वं पाकीट!" मेघानं हात धुऊन, पदर खोचून नोंद टाकली.

'नोंद नाकारली. ही नोंद भविष्यातली आहे.'

विक्की दुकान उघडायचं आहे म्हणून निघून गेला. नाकारलेल्या नोंदींची यादीही वहीसोबत परत आली होती; त्या एकेचाळीस झाल्या होत्या आणि त्या प्रत्येकीसमोर लाल फुली होती. मेघानं मोबाईल घेतला आणि कंपनीच्या अध्यक्षांना निरोप लिहायला लागली, की नागपूरचा नोड उद्या दाखवता येणार नाही, पाहुण्यांना कळमेश्वरलाच न्यावं.

"काय लिहून राहिली?" धोंडबांनी विचारलं.

मेघानं सांगितलं.

"म्हणजे आपल्या घरी जमलं नाही म्हून सांगशीन."

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही."

"तू शब्द माह्या नावानं दिला होता, बाई." एवढं म्हणून धोंडबा भिंतीकडे तोंड करून पडले. महिन्याभरात ते पहिल्यांदाच कॉम्प्युटरकडे पाठ करून झोपले होते.

मीराबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. समोर पडदा होता आणि पडद्यावर अक्षरं होती, म्हणून त्या वाचत होत्या. "ही नोंद भ-वि-ष्या-त-ली आ-हे." मग थांबल्या. "मेघा, भविष्यातली म्हणजे पुढची ना वं? जे अजून व्हायचं आहे ते?"

"हो, आई."

"म्हणजे ते सहा जण म्हणून राहिले, का बाई तुही नोंद पुढची आहे, अजून तो टाइमच झाला नाही."

"तसं नसतं ते, आई. ते..." मेघा थांबली.

"किती पुढची?" मीराबाईंनी विचारलं. "दहा मिनटं तर नाही?"

मेघानं हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. तीन वाजून बारा मिनिटं. मग पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे बारीक अक्षरांत तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"संघपाल!" ती ओरडली. नवऱ्याला नावानं हाक मारल्याचं तिच्या नंतर लक्षात आलं. "या कॉम्प्युटरचा टाइम कोणी पुढे केला?"

धोंडबा दिवाणावर उठून बसले. "पुढं नाही केला. दुरुस्त केला. शुक्रवारी पाहिलं तर दहा मिनटं मागं चालून राहिलं होतं. मराठीत लिहून होतं ना सारं. 'दिनांक आणि वेळ', 'वेळ आपोआप लावा'. ते आपोआप बंद केलं अन हातानं लावला. कोणाले त्रास काहून द्यायचा म्हून सांगितलं नाही."

संघपालनं डोकं धरलं. "बाबा! कॉम्प्युटर बरोबर होतं! आपलं घर पुढे आहे! पूर्ण गाव मागं अन आपण एकटे भविष्यात राहून राहिलो! दोन दिवस! माह्या बायकोची नोकरी जाऊन राहिली होती तुमच्या त्या दहा मिनटांपायी!"

मेघानं त्याला हातानं थांबवलं, पण बोलणं होऊन गेलं होतं. तिनं वेळ मागे घेतली, नोंद टाकली. सहा हिरव्या खुणा एकापाठोपाठ एक उमटल्या. मीराबाईंनी त्या मोठ्यानं मोजल्या. धोंडबांनी स्टूल ओढलं, भिंतीवरचं मोठं घड्याळ काढलं आणि काटा दहा मिनिटं मागे घेतला. मग आतल्या खोलीतलं. मग स्वयंपाकघरातलं. शेवटी मनगटावरचं. नोकरी लागल्यापासून मागे गेलेला हा पहिला काटा.

"राहू द्या ना, बाबा," मेघा म्हणाली. "घरचे राहू द्या."

"नाही. सात घरी एक वही, तर एकच टाइम पाह्यजे."

सोमवारी सकाळी घरात लगबग होती. पाहुण्यांसमोर एका क्रेटची नोंद करून दाखवायची होती. तो क्रेट मेघाच्या वडिलांनी नरखेडहून एसटीनं पाठवला होता. सव्वादहाला गाडी गणेशपेठच्या स्टँडवर लागणार, कंडक्टरच्या हातून क्रेट घ्यायचा आणि साडेदहापर्यंत परत यायचं, असं ठरलं. रजा टाकलेला संघपाल दाढी करत होता. भिंतीवर दहा वाजले.

"निघायचं का?" मेघानं विचारलं. ती पडदा पुसत होती.

संघपालनं घड्याळाकडे पाहिलं आणि पस्तीस वर्षांच्या सवयीनं दहा वजा केले. "अजून दहा मिनटं आहेत."

मेघानंही पाहिलं आणि तिनंही वजा केले. महिन्याभरात तिला चांगली सवय झाली होती. मोबाईलातली वेळ बरोबरच होती. पण घाईत माणूस मोबाईल पाहत नाही, भिंत पाहतो.

ते स्टँडवर पोचले तेव्हा गाडी लागून, रिकामी होऊन, डेपोत गेली होती. वाट पाहून कंडक्टरनं क्रेट पार्सल ऑफिसात जमा केला होता. पार्सल ऑफिसचा बाबू चहाला गेला होता. तो आला तेव्हा पावतीचं पुस्तक संपलं होतं.

इकडे अकराला पाच कमी असताना रंगारींच्या दारात गाडी थांबली. पुण्याच्या उत्तरा मॅडम आणि त्यांच्यासोबत साहिल नावाचा एक जण, जो फक्त फोटो काढत होता. घरात मीराबाई आणि धोंडबा. धोंडबा साडेदहापासून पांढरा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यांनी नेहमीसारखं घड्याळ पाहिलं होतं आणि नेहमीसारखं काहीच वजा केलं नव्हतं.

"मेघा नाहीत?" उत्तरा मॅडमनी विचारलं.

"येऊन राहिली. जयभीम. बसा." धोंडबांनी खुर्ची पुढे केली. "काय पाह्यचं आहे ते मले सांगा. हा नोड मी सांभाळतो."

मॅडमनी मीराबाईंकडे पाहिलं. मीराबाईंनी मान हलवली. "त्यालेच विचारा. कूलर सोडला त्यानं याच्यासाठी."

मॅडम पडद्याजवळ वाकल्या आणि त्यांचं बोट सरळ तिथे गेलं जिथे जायला नको होतं. "या एकेचाळीस लाल फुल्या कसल्या? शनिवार, रविवार. तुमची यंत्रणा दोन दिवस बंद होती?"

मीराबाईंचा चहा ओतणारा हात थांबला. धोंडबांना काहीही सांगता आलं असतं. लाइट गेली होती, इंटरनेट नव्हतं, उन्हाळा आहे. नागपुरात एप्रिलमध्ये हे कोणालाही पटलं असतं.

"यंत्रणा चालू होती, मॅडम. बंद माहं डोकं होतं," धोंडबा म्हणाले. "या एकेचाळीस चुका माह्या आहेत. मी याचं घड्याळ दहा मिनटं पुढं केलं. मले वाटलं, दुरुस्त केलं. अन मंग आमच्या घरानं दोन दिवस खोटा टाइम सांगितला. सहाही घरांनी ऐकलं नाही. एका घरी माह्या सुनेचा बाप आहे. व्याह्यानंही नाही ऐकलं."

मॅडम हसल्या, पण डोळे पडद्यावरच होते. "फक्त दहा मिनिटांसाठी?"

"दाखवू का?"

धोंडबांनी माऊस धरला. गाडीचा गिअर धरावा तसा, पूर्ण पंज्यानं. 'दिनांक आणि वेळ' उघडलं, 'आपोआप' बंद केलं, घड्याळ दहा मिनिटं पुढे नेलं. मग स्वयंपाकघरातून, व्याह्यांकडून आधीच आलेल्या संत्र्यांची टोपली आणायला लावली, वजन केलं आणि नोंद टाकली: व्याह्यांची बाग, दोन किलो तीनशे ग्रॅम.

"नोंद नाकारली," मीराबाईंनी मोठ्यानं वाचलं. आता त्यांना अडखळायला होत नव्हतं. "ही नोंद भविष्यातली आहे."

"पाहा. लाल," धोंडबा म्हणाले. "आता खरं सांगतो." त्यांनी वेळ मागे घेतली आणि तीच नोंद पुन्हा टाकली. सहा हिरव्या खुणा उमटल्या. "तुमच्या परदेशातल्या माणसाले सांगा, का नागपुरात एक म्हातारा आहे. एकतीस वर्षं गाडी चालवली, कधी उशीर नाही केला, शिस्तीचा माणूस. तरी त्याची दहा मिनटं या वहीनं घेतली नाहीत. मंग दोन दिवसाचं शिळं संत्रं ताजं म्हून कोण लिहून घेईन?"

उत्तरा मॅडमनी वही काढली आणि हे वाक्य लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, पुन्हा एकदा करून दाखवता? साहिल व्हिडिओ काढेल."

मेघा आणि संघपाल क्रेट घेऊन धापा टाकत आले तेव्हा पाहुणे निघायच्या बेतात होते. मेघाचा चेहरा पडला. "मॅडम, सॉरी, तो पार्सलवाला... आम्ही आता लगेच दाखवतो."

"सगळं पाहून झालं. तुमच्या सासऱ्यांनी दाखवलं," उत्तरा मॅडम म्हणाल्या. "आम्ही आतापर्यंत चार ठिकाणी पाहिलं. सगळ्यांनी यंत्रणा चालते कशी ते दाखवलं. ती नाही कधी म्हणते, ते इथेच कळलं."

पाहुणे गेल्यावर संघपालनं क्रेट खाली ठेवला आणि घाम पुसत भिंतीकडे पाहिलं. अकरा वीस. "जास्त उशीर नाही झाला," तो म्हणाला. "अकरा दहा तर झाले."

"वजाबाकी बंद कर गा आता," धोंडबा म्हणाले.

महिन्याभरानं करार झाला. मेघाची नोकरी पक्की झाली आणि कंपनीला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या घराला नोड कसा सांभाळायचा हे शिकवण्याचं काम निघालं. मेघानं त्यासाठी एकच नाव दिलं. धोंडबा पुढच्या दीड वर्षात नरखेड आणि काटोल तालुक्यांतल्या एकोणीस गावांत जाऊन आले. जाताना एसटीनंच जात. ड्रायव्हरमागच्या पहिल्या सीटवर बसत आणि नव्या पोरांना गाडी वेळेवर काढल्याबद्दल शाबासकी देत. प्रत्येक गावात ते घड्याळ पुढे करून नोंद टाकत, ती नाकारली गेली की लोकांकडे वळून म्हणत, "ही चूक पहिल्यांदा मी केली. इंदोऱ्यात." हे सांगताना त्यांची मान ताठ असे. घरी मीराबाईंनी गणपतराव गुरुजींसोबत बसून उरलेल्या सगळ्या सूचना मोठ्यानं वाचल्या आणि ज्या एका वाचनात समजल्या नाहीत त्या बदलून घेतल्या.

धोंडबा रंगारी २०२५ सालच्या नऊ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, नागपूरला राहत्या घरी वारले. त्यांचं वय त्र्याहत्तर होतं.